घरी परतलेल्या रुग्णाची जबाबदारी

 धार व देवास जिल्ह्यांतील मराठी वैद्यकांच्या या परिषदेच्या अध्यक्षांनी वर्षभरातील वैद्यकीय प्रगतीचा आढावा घेण्याचा प्रघात मान्य आहे. परंतु नवी औषधे आणि नवी यंत्रे सर्वांस ठाऊक असल्यामुळे, २०२१ पासून ज्या प्रश्नाकडे, म्हणजे आजारातून उठून घरी परतलेल्या रुग्णाच्या देखरेखीकडे, या भागातील वैद्यकवर्गाने पाठ फिरवली आहे, तोच या व्यासपीठावरून मांडणे अधिक उचित ठरेल.

श्वसनमार्गाच्या विषाणुजन्य आजारातून उठणाऱ्या रुग्णास बुरशीचा दुय्यम संसर्ग, म्हणजे मूळ आजाराने आणि त्यावरील उपचारांनी दुबळ्या झालेल्या शरीरात मागाहून शिरणारा संसर्ग, होऊ शकतो हे कोविडपूर्वीही ज्ञात होते. नेदरलँड्स व बेल्जियममधील अतिदक्षता विभागांत २००९ ते २०१६ या काळात अभ्यासलेल्या गंभीर इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांपैकी १९ टक्क्यांना अ‍ॅस्परजिलस बुरशीने फुप्फुसात गाठले होते. भारतात कोविडमागोमाग आला तो म्युकरमायकोसिस. माती, खत आणि कुजका पालापाचोळा यांत वाढणाऱ्या ऱ्हायझोपससारख्या बुरशीचे बीजाणू नाकावाटे सायनसमध्ये जातात, तेथून संसर्ग डोळ्याच्या खोबणीत व मेंदूत पसरतो, बुरशीचे तंतू रक्तवाहिन्यांत घुसून त्या बंद करतात आणि रक्तपुरवठा तुटलेला भाग मरून काळा पडतो. २८ जून २०२१ पर्यंत देशात ४०,८४५ रुग्ण आणि ३,१२९ मृत्यू नोंदले गेले; रुग्णांपैकी सुमारे ६४ टक्के मधुमेही होते आणि निम्म्याहून अधिक जणांनी स्टिरॉइड घेतलेले होते.

हे आकडे समोर असूनही संसर्गाच्या कारणाचा वाद रंगला तो ऑक्सिजनच्या बाटलीतील पाण्यावर, मळक्या मास्कवर, वाफेवर आणि झिंकच्या गोळ्यांवर. प्रस्तुत अध्यक्षांच्या दीर्घ व्यवसायातील एक रुग्ण या वादाचा निकाल लावण्यास पुरेसा आहे. धार जिल्ह्यातील मनावरकडचा हा शेतकरी कधीही रुग्णालयात दाखल झाला नव्हता आणि ऑक्सिजनचे सिलिंडर त्याच्या दारातही आले नव्हते. ताप आला तेव्हा त्याने डेक्सामेथासोनच्या गोळ्या घेतल्या आणि बरे वाटले म्हणून पुढेही चालू ठेवल्या. काही आठवड्यांनी त्याचा गाल बधिर झाला, वरची दाढ हलू लागली, ती काढूनही ठणका थांबेना आणि अखेर पापणी मिटली. तोवर त्याच्या रक्तातील साखर कोणीही तपासली नव्हती. तो वाचला, परंतु वरच्या जबड्याचा अर्धा भाग आणि एक डोळा गमावून. एका रुग्णावरून नियम सिद्ध होत नाही असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेपकांनी ऑक्सिजनला हातही न लावलेल्या अशा रुग्णांचे स्पष्टीकरण द्यावे, एवढीच अपेक्षा आहे.

स्टिरॉइड हे शत्रू नव्हे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने दाखवले की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त १० दिवस दिल्याने घटतात, मात्र ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा लाभ होत नाही. मात्रा आणि मुदत विसरून दिलेले हेच औषध साखर चढवते, बुरशी गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना निष्प्रभ करते, आणि मधुमेह बेताल होऊन रक्त आम्लयुक्त झाले की प्रथिनांशी बांधलेले लोह मोकळे होऊन बुरशीचे खाद्य बनते.

खरी तक्रार पुढेच आहे. नाकातील खपलीचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवला की ऊती विरघळते आणि रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. क्षयाच्या थुंकीसाठी सूक्ष्मदर्शक गावोगावी पोहोचला, पण त्याखाली बुरशी ओळखणारी नजर तयार करण्याची तसदी कोणी घेतली नाही. म्हणून संशयित रुग्ण निदानासाठीही इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाकडे धाडला जातो, आणि मृत भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया व अँफोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक इंजेक्शन यांना उशीर होतो. १२ जून २०२१ रोजी या इंजेक्शनवरील जीएसटी तात्पुरता शून्यावर आणण्याचा निर्णय झाला. सुटी मिळालेल्या रुग्णाची साखर तपासण्याची रीत मात्र अजूनही आली नाही.

आजारानंतरच्या देखरेखीचे महत्त्व देवासला तरी सांगावे लागू नये. क्षयाने ग्रासलेले गायक कुमार गंधर्व १९४८ साली येथील कोरड्या हवेसाठी आले आणि काही वर्षे गाणे बंद ठेवून येथेच बरे झाले. बरे होण्याच्या काळालाही वैद्यकीय देखरेख लागते, हे त्या पिढीला उमगले होते. आज ताप उतरला की रुग्णाचे नाव वहीतून खोडले जाते.

यास्तव दोन्ही जिल्ह्यांनी मिळून बुरशीजन्य आजारांची नोंदवही ठेवावी, तंत्रज्ञांचे प्रशिक्षण हाती घ्यावे आणि सुटीच्या कागदावर साखरेच्या पुढील तपासणीची तारीख सक्तीने लिहावी, असे सुचवले जात आहे; तपशील कार्यकारिणीने यथावकाश ठरवावा. मात्र ज्यांना ही एक तारीख लिहिणेही जड वाटते, त्यांनी पुढच्या साथीत बुरशीला दोष देऊ नये.