घर गेलें तरी पत जात नाहीं

‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण मराठवाड्यांत सर्वतोमुखीं आहे. व्यापाराच्या या गांवीं माणसाची पत पूर्वीं बाजाराच्या तोंडीं असे. अडत्यानें मान हलविली कीं ती ठरली. हल्लीं तीच पत ३०० ते ९०० यांमधील एका आंकड्यांत मांडिली जाते. बाजाराचें मत निदान कानावर तरी येई. हा आंकडा मात्र पुष्कळांनीं पाहिलेलाहि नसतो, आणि न पाहिलेल्या वस्तूची भीति फार.

जालन्यांतील एका मध्यम स्थितींतील कुटुंबाची कल्पना करावी. आजारपणांत भाडें थकलें, घरमालकानें दावा लावला, आणि कोर्टाच्या हुकुमानें बिऱ्हाड हलवावें लागलें. कांहीं वर्षांनीं स्वतःचें लहानसें घर घ्यावें म्हणून गृहस्थ बँकेंत गेला, तों अर्ज नामंजूर! ‘त्या निकालाचा डाग पतीच्या कागदावर बसला,’ असें शेजाऱ्यांनीं ठरविलें. आणि पैसे घेऊन तो डाग पुसून देणारा मध्यस्थहि लागलाच पुढें आला.

श्रोतेहो, जो डाग पडलाच नाहीं, तो पुसण्याची ही मजुरी होय. अमेरिकेंत भाडेकरूंविषयीं माहिती देणाऱ्या स्वतंत्र कंपन्या आहेत व त्यांच्या कागदांत घर सोडविल्याच्या दाव्यांची नोंद असते. आपल्याकडे पतअहवाल निघतो तो २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयींच्या कायद्याखालीं. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन व क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या तो तयार करितात. आणि त्यांस मजकूर मिळतो तो मुख्यतः बँका व इतर कर्ज देणाऱ्या संस्थांकडून. घर खालीं करण्याच्या हुकुमास त्यांत रकानाच नाहीं. तो हुकूम राहतो कोर्टाच्या दप्तरांत. मात्र भाडें भागविण्यासाठीं काढलेलें कर्ज किंवा क्रेडिट कार्डाचें देणें थकलें, तर तें अहवालांत अवश्य उमटतें.

तेव्हां पहिलें काम अहवाल मागविण्याचें. प्रत्येक कंपनीनें वर्षांतून एकदां पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक २०१७ पासून आहे. आपल्या गृहस्थानें तो मागविला. घराचा त्यांत उल्लेखहि नव्हता. होतें तें मोटारसायकलचें जुनें कर्ज. पै न् पै फेडलेलें तें कर्ज थकलेलें दाखविलें होतें! कर्जफेडीचा दाखला घरच्या ट्रंकेंत सुरक्षित होता, हें त्याचें भाग्य.

अशा चुकीची तक्रार कंपनीकडे किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेकडे करतां येते, व तीस खर्च लागत नाहीं. ३० दिवसांत निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेनें ऑक्टोबर २०२३ मध्यें काढला व तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला. दुरुस्ती नाकारल्यास कारण कळविणें संस्थेवर बंधनकारक आहे. इतक्यानेंहि दाद न लागली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याहि त्याच्या कक्षेंत आल्या आहेत.

नोंद खरी असेल तर मात्र ती कोणासहि पुसतां येत नाहीं. थकलेलें देणें फेडावें, पुढचे हप्ते वेळेवर भरावे, आणि काळास आपलें काम करूं द्यावें.

घर वांचविण्याची वेळ याच्याहि आधींची असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याखालील भाडेकरूनें समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलें भाडें, शेंकडा १५ दरानें सरळ व्याज व दाव्याचा खर्च कोर्टांत भरला आणि पुढेंहि नियमानें भाडें दिलें, तर केवळ थकबाकीसाठीं त्यास बाहेर काढण्याचा हुकूम होत नाहीं. लिव्ह अँड लायसन्स करारानें राहणाऱ्यास हा आधार नाहीं. ज्यांस तो आहे, त्यांतील कित्येकजण समन्स फळीवर ठेवून देतात आणि ९० दिवस निघून जातात.

घर गेलें म्हणजे पतहि गेली, असें मानून खचून जाणाऱ्यानें इतकें ध्यानांत ठेवावें: अहवाल स्वतः मागवावा, स्वतः वाचावा, आणि फेडीचे दाखले दागिन्यांइतके जपावे. मध्यस्थास द्यावयाचे पैसे हप्त्यांत भरले, तर त्यांचें अधिक सार्थक होईल.