अर्ध्या नोटेची गोष्ट



आज प्रत्येकाने आपल्या छंदाबद्दल पाच मिनिटं बोलायचं आहे. माझा छंद जुन्या नोटांचा.

१८६१ पर्यंत आपल्याकडे नोटा काढत त्या बँक ऑफ बेंगॉल, बॉम्बे आणि मद्रास यांसारख्या बँका. त्या वर्षीच्या कायद्याने हा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. योजना मांडणारे अर्थसदस्य जेम्स विल्सन मात्र १८६० मध्येच कलकत्त्यात वारले. पहिल्या सरकारी नोटांवर व्हिक्टोरिया राणीचं चित्र होतं. किमती १०, २०, ५०, १०० आणि १००० रुपये. छपाई एकाच बाजूला, पाठ कोरी.

चांदीचा रुपया तोळाभर वजनाचा. हजार रुपये पाठवायचे म्हणजे साडेअकरा किलोंहून जास्त ओझं! नोटेने ते हलकं केलं, पण टपालातल्या चोरीचं काय? व्यापाऱ्यांनी उपाय काढला. नोट मधोमध कापायची, अर्धी आधी पाठवायची, पोचल्याचं पत्र आलं की उरलेली अर्धी. चोराच्या हाती एक तुकडा लागला तरी उपयोग शून्य. आम्ही संगणकवाले आज पासवर्ड आणि ओटीपी वेगळे ठेवतो, त्यामागचा विचार हाच.

अडचणीही होत्या. नोट ज्या विभागाची, तिथेच तिचे हक्काने पैसे मिळत. मुंबईची नोट कलकत्त्यात वटवायला सराफ वटाव कापून घेई. त्यातच बनावट नोटा निघाल्या आणि १८६७ पासून राणीच्या चित्राऐवजी नवी मालिका आली. सर्वत्र चालणारी पहिली नोट पाच रुपयांची, तीही १९०३ मध्ये आणि ब्रह्मदेश वगळून.

मग या नोटा इतक्या दुर्मिळ का? कारण नोट हे वचन होतं: आणून द्या, रुपये घ्या. रुपये दिले की नोट रद्द. वचन पाळलं गेलं म्हणूनच कागद उरला नाही. जी नोट आज सापडते, तिचे रुपये कुणीतरी कधीच घेतले नाहीत. एकटी अर्धी नोट पाहिली की मला तिच्या दुसऱ्या अर्ध्याची काळजी वाटते. पत्र पोचलं नसेल? माणूसच राहिला नसेल?

म्हणून एक विनंती. गावाकडची घरं आता रिकामी होत आहेत. आजोबांच्या चोपड्या आणि पेट्या रद्दीत घालण्यापूर्वी पानन् पान उलटून पाहा. काही सापडलं तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, घडी उलगडायला इस्त्री तर नकोच. आधी मला फोन करा.