चुलीवरचा पुरावा

(वनहक्क समित्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपण जमिनीच्या दाव्यांसाठी खूप पळापळ केली. दंडाच्या पावत्या शोधल्या, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले, नेवाडाचे बांध मोजले. ते झालंच पाहिजे. पण तो एकेका घराचा दावा झाला. सगळ्या गावाचा जो सामूहिक दावा, त्याचा कागद बऱ्याच गावांत अजून कोराच आहे. विचारलं की म्हणतात, "जंगलाचा पुरावा कुठून आणायचा?" मला आज एवढंच सांगायचंय, तो पुरावा रोज आपल्या चुलीवर शिजतो.

वर्षाचा हिशोब करा. उन्हाळ्यात मोहाची फुलं, चारोळी, टेंभरं, आंब्याच्या फोडी वाळवून आमचूर. पाऊस पडला की टाकळा, करटोली, बांबूचे कोंब, नाल्यातले मासे आणि खेकडे. पेरणीच्या दिवसांत कोठी रिकामी होते, सावकाराचं दार दिसायला लागतं. तेव्हा याच रानानं घर धरून ठेवलंय.

2006 च्या वनहक्क कायद्याचे नियम 2008 मध्ये आले. त्यातला 13 वा नियम वाचून घ्या. कंदमुळं, चारा, रानफळं आणि इतर वनोपज गोळा करायच्या जागा, मासे धरायच्या जागा, पाण्याच्या जागा, वैदूच्या औषधाच्या जागा, देवाची झाडं, हे सगळं सामूहिक हक्काचा पुरावा म्हणून त्यात लिहिलंय. एकाहून जास्त पुरावे द्यावे लागतात. आपल्याकडे ते ढीगभर आहेत.

आता एक लांबची गोष्ट. शिरपूर, चोपडा, यावलच्या पाड्यांवर आपण ज्या मक्याची भाकर खातो, तो मका मूळचा मेक्सिको देशातला. तिथल्या आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी एका रानगवतातून निवडून निवडून तो घडवला. समुद्रापलीकडून तो आपल्या देशात आला गेल्या पाचशे वर्षांत. त्या देशाच्या पूर्वेकडे वास्तेक नावाचे आदिवासी राहतात, ते स्वतःला तेनेक म्हणवतात. सणाला मक्याची भरड, मिरची आणि मांस मोठ्या पानांत गुंडाळून रात्रभर भट्टीत भाजतात. त्याला साकाविल म्हणतात. एक साकाविल कितीतरी माणसांना पुरतं. आपले पळसाच्या पानातले पानगे आठवा! मक्यात जीव आहे असं ते मानतात, त्याला धिपाक म्हणतात. आपल्याकडे साक्रीच्या कोकणा भावांची कणसरी आहे, देवमोगऱ्याची याहा मोगी आहे. नवाई केल्याशिवाय आपण नवं धान्य तोंडात घालत नाही.

मेक्सिकोचं जेवण आज जगभर हॉटेलांत विकतात. पण गावातल्या साकाविलला शेतातला मका लागतो, पानं लागतात, सरपण लागतं, वाटून खाणारे शेजारी लागतात. जमीन आणि रान गेलं तर पदार्थाचं नाव उरेल, गावाचं जेवण उरणार नाही. आपलंही तेच आहे.

काही जण म्हणतात, रानभाजी म्हणजे गरिबी. पोरं शाळेत डबा झाकून खातात. ज्या भाजीची लाज वाटते, तिची जागा दाव्यात कोण लिहिणार?

आणि एक कडू गोष्ट. 13 डिसेंबर 2005 नंतर तोडलेल्या नेवाडाला हा कायदा हक्क देत नाही. आता जो नवं रान तोडतो, तो गावाच्या ताटावरच कुऱ्हाड चालवतो. हे आपणच आपल्या लोकांना सांगायला पाहिजे.

मग काम काय? प्रत्येक पाड्यात आधी बायांना बसवा. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत, त्या नुसत्या अंगठ्यासाठी नाहीत. कुठल्या टेकडीवर कोणतं कंद, कोणत्या नाल्यात कोणती भाजी, हे त्यांच्या पायांना ठाऊक आहे. यादी करा: काय आणतो, कोणत्या महिन्यात, कुठून, किती पिढ्यांपासून. टेकडी-नाल्याचं नाव आपल्या बोलीतलंच लिहा. शेजारच्या गावाचीही तीच जागा असेल तर त्यांना बोलवा, बसून ठरवा. मग सगळ्यांनी मिळून फिरा, नकाशा काढा, ग्रामसभेत वाचून दाखवा.

दाव्याची एक नक्कल गावात ठेवा. आणि साहेबाच्या टेबलावर कागद दिला की पोच घेतल्याशिवाय उठू नका.

जिंदाबाद!