दिवाळीनंतरची हजेरी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा बीड जिल्ह्यातल्या अनेक गावांत हजेरीला ‘हजर’ म्हणणारे आवाज कमी झालेले असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडणीला गेलेली असतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडल्यावर ती परततात, तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. तिकडे नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचं नाव! मग त्यांच्या पोरांना शाळेत काय नावानं हाक मारत असतील, याचा अंदाज करा.

मी अशा गावांत शिक्षक होतो. या मुलांच्या बुडालेल्या अभ्यासाबद्दल पुष्कळ बोललं जातं, मनाबद्दल फारसं नाही. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात जातात. खोपीत धाकटं भावंडं सांभाळायला ही आठ-नऊ वर्षांची पोर. कारखान्याजवळच्या शाळेत गेलीच, तर बोली वेगळी, म्हणून तोंड उघडलं की हशा. मग ती दाराजवळ बसते आणि गप्प होते. या गप्पपणाला आपण मठ्ठपणा समजतो. कुणाचं सारखं पोट दुखतं, कुणी अंथरूण ओलं करतं, कुणी उगाच मारामारी करतं. चार महिन्यांत मोडणारच, म्हणून मैत्री करायचंही ती टाळतात.

गावात आजीजवळ राहिलेल्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहं निघाली. जेवणाची सोय झाली, शाळा सुटली नाही. पण रात्री आईची आठवण येते, त्यावर योजना कुठून आणायची? आठवड्यातून ठरल्या वेळी आईचा फोन आला, तरी मूल निवांत झोपतं.

कायद्याचं म्हणाल, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो. दाखला यायला उशीर झाला, म्हणून मुलाला दारातून परत पाठवता येत नाही. हे पालकांना ठाऊक नसतं. काही शाळांना ठाऊक असूनही आठवत नाही.

पट्टा पडून पोरं परतली, की पहिले दोन-चार दिवस मी पुस्तक उघडत नसे. मोळ्या कशा बांधतात, गाडीत किती टन बसतो, बैल कधी अडतो, ते वर्गाला सांगायला लावायचो. वजनमापांचा धडा मग तिथूनच सुरू व्हायचा.