फोटूत मी एकलीच पाहिजे

(बीड येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



कामाची उमेद कुठून मिळते, यावर बोल असं मला सांगितलंय. चळवळीतल्या थोरल्या मैत्रिणी, पुस्तकं, मोर्चे ही उत्तरं खरीच आहेत. पण गेली काही वर्षं मला तगवून धरणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे फोटो काढणं. आज त्याविषयीच बोलते.

आपल्याकडे बाईचा फोटो कधी निघतो? लग्न जमवायचं असतं तेव्हा, पाहुण्यांना दाखवायला. मग रेशनकार्डासाठी, आधारसाठी. एखाद्या योजनेतून शिलाई मशीन मिळालं तर साहेबांच्या शेजारी, मान खाली घालून. आणि शेवटी हार घालायला. यातला एकही फोटो तिने स्वतःच्या मनाने काढून घेतलेला नसतो. आणि जन्मभर जे काम ती करते, ते काम करताना तर ती कुठेच दिसत नाही.

समाजकार्याच्या शिक्षणात मी केस लिहायला, सर्वेक्षण करायला शिकले. त्याचा रोज उपयोग होतो. पण फॉर्म भरताना आपली नजर कागदावर असते. फोटो काढायचा तर मान वर करावी लागते. उजेड कुठून येतो ते बघावं लागतं, थांबावं लागतं. थांबलं की दिसायला लागतं. पाचटाने चिरलेली बोटं, मोळी बांधताना दातात धरलेला पदर, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारे पाय. ‘व्यवसाय’ या रकान्यात आपण ‘मजुरी’ असा एक शब्द लिहितो, त्यात एवढं सगळं असतं.

२०१९ साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हे बाहेर येणं गरजेचंच होतं. पण त्या वेळी गावोगाव कॅमेरे आले, आणि आपली बाई जगाला दिसली ती तेवढीच, पोट चिरलेली, पदराआड तोंड लपवलेली.

त्यानंतरच्या एका दिवाळीत, टोळ्या निघायच्या आधी, एका वस्तीवरची बाई मला म्हणाली, “ताई, पिशवी काढलेली बाई म्हणून माझा फोटू लई जणांनी काढला. आता एक माझ्या मनासारखा काढा.” आत जाऊन ठेवणीतलं लुगडं नेसून आली. हातात कोयता. नवरा हसत शेजारी येऊन उभा राहिला, तर त्याला म्हणाली, “तुम्ही सरा तिकडं. मुकादमाच्या वहीत आपण दोघं मिळून एक कोयता. फोटूत मी एकलीच पाहिजे.”

बायांनो, बाईच्या श्रमाचा सगळा प्रश्न या वाक्यात आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेणार नवरा. तिची वेगळी मजुरी कुठल्याच वहीत नाही. हे मी शिबिरांत कितीदा तरी फळ्यावर लिहून समजावलं असेल. तिने नुसतं उभं राहून सांगितलं. फोटोची प्रत तिला दिली, ती तिने देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावली. दमून, वैतागून घरी येते तेव्हा मला ती भिंत आठवते.

नाव पुसलं जाणं कॅमेरा धरणाऱ्या बाईलाही चुकलेलं नाही. होमाई व्यारावाला भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

दुसऱ्या दिल्लीच्या शीबा छाछी. १९८० च्या दशकात त्यांनी हुंडाविरोधी मोर्चांचे फोटो काढले. पण मूठ उगारलेली बाई म्हणजे अख्खी बाई नव्हे. १९९०-९१ मध्ये त्यांनी चळवळीतल्या सात जणींपुढे वेगळाच प्रश्न ठेवला : तुम्हाला कसं दिसायचंय? कुठे बसायचं, जवळ कोणती वस्तू ठेवायची, हे त्या सात जणींनी ठरवलं. हुंड्यापायी लेक गमावलेल्या सत्यारानी चड्ढा त्यांतल्याच. आपल्या वस्तीवरच्या बाईने यांचं नावही ऐकलेलं नव्हतं, पण मागणं तेच केलं.

आज गटात एकीकडे तरी मोबाइल असतोच. तेव्हा पुढच्या हंगामाला टोळ्या निघण्याआधी हे काम आपण करू या. पथ्यं तीनच. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. काढला की तिला दाखवायचा, नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसायचा. आणि छापील प्रत आधी तिच्या हातात द्यायची. प्रतीच्या मागे तिचं नाव, गाव, साल आणि ती करते ते काम लिहायचं. ‘अमक्याची बायको’ असं लिहायचं नाही.

महाराष्ट्राच्या साखरेसाठी ऊस कुणी तोडला, असं उद्या कुणी विचारलं, तर आपल्याला ते नावानिशी दाखवता आलं पाहिजे.