केसांचा मूळचा पीळ

नवरात्रांत कोराडीच्या महालक्ष्मी जगदंबेच्या दर्शनास नागपूर शहरांतून व आसपासच्या खेड्यांतून स्त्रियांची जी रीघ लागते, तींत हल्लीं एक प्रकारचें डोकें अधूनमधून दृष्टीस पडतें. मुळापासून चार बोटें केस लहरदार, किंचित् पिंजारलेले; आणि तेथून खालीं पाठीपर्यंत एकदम सडक, जणूं दोन निरनिराळ्या स्त्रियांचे केस कोणीं मध्येंच सांधून ठेवले आहेत. पाहणाऱ्यास हा निष्काळजीपणा वाटतो. एखादी आजीबाई तर स्पष्टच विचारील, “काय वं पोरी, डोक्याले फणी नाही लावली काय?” पोरीनें फणी लावलेली असते. तिनें दुसरेंच कांहीं आरंभिलेलें असतें. औषधांनीं सरळ करून घेतलेले केस यापुढें तसे करून घ्यावयाचे नाहींत असें तिनें ठरविलेलें असतें, आणि आपले मूळचे केस आहेत तरी कसे, याचा ती शोध घेत असते.

हा शोध वाटतो तितका सोपा नाहीं. पंधराव्या-सोळाव्या वर्षीं प्रथम केस सरळ करून घेतलेली मुलगी पंचविशीपर्यंत तेंच करीत राहिली, तर प्रौढपणचे आपले केस तिनें कधीं पाहिलेलेच नसतात. तिला आठवतात ते लहानपणचे, आणि तेहि आईनें तेल चोपडून, ताणून घातलेल्या दोन वेण्यांतले. येथेंच या विषयाचें खरें मर्म आहे. मराठी घरांत पुष्कळदां केसांचे दोनच प्रकार मानले जातात. चापूनचोपून बसणारे ते चांगले, न बसणारे ते राठ. जुन्या काव्यांत कुरळ, कुंतल, अलक हे शब्द कौतुकानें येतात खरे. पण न्हाऊन झाल्यावर त्याच कुंतलांवर ते वाळतांच कोरडी फणी फिरविली जाते, तिनें लहरी मोडून फुलतात, डोकें पिंजारलेलें दिसूं लागतें, आणि मुलीचे केसच वाईट असा निकाल लागतो. पुढें सीताबर्डीच्या किंवा गांवांतल्याच ब्यूटी पार्लरमध्यें जाऊन केस सरळ करून घेण्याचा बेत ठरतो तो अनेकदां या निकालावर विसंबून. केस वाईट होते कीं केवळ कुरळे होते, याची फेरतपासणी मूळ केस उगवून आल्यावांचून होऊं शकत नाहीं.

केस म्हणजे केरॅटिन नांवाच्या प्रथिनाचा तंतु. त्याच्यावर कौलांप्रमाणें एकावर एक बसलेल्या खवल्यांचें आवरण असतें व आंत लांबच लांब धाग्यांचा गाभा असतो. या धाग्यांना एकमेकांशीं बांधून ठेवणारे बंध मुख्यतः दोन जातींचे. एक दुबळे, हायड्रोजनचे. ते पाण्यानें सुटतात आणि केस वाळतांना पुन्हां जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून निजलेल्या मुलीच्या केसांत सकाळीं ज्या लहरी दिसतात, त्या या दुबळ्या बंधांमुळें. म्हणून पुढच्या न्हाण्याला त्या निघूनहि जातात. दुसरे बंध बळकट, गंधकाचे. ते पाण्यास दाद देत नाहींत.

पार्लरांत ज्याला रिबाँडिंग म्हणतात त्यांत बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेटचा लेप लावून हे गंधकाचे बंध सोडवितात, केसांवर तापलेली इस्त्री फिरवून ते सरळ करतात, आणि नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्यानें तेच बंध नव्या स्थितींत पुन्हां जुळवितात. गंमत अशी कीं १९४० नंतरच्या दशकांत पाश्चात्य देशांत याच थायोग्लायकोलेटचा प्रसार झाला तो नेमक्या उलट कामासाठीं. सडक केसांच्या स्त्रिया त्यानें आपले केस कुरळे करून घेत. जिला जें नाहीं तें हवें, हाच या व्यापाराचा पाया म्हणावयाचा. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत, विशेषतः अमेरिकेंत, जीं द्रव्यें रूढ झालीं त्यांत सोडियम हायड्रॉक्साइडसारखे दाहक क्षार असतात. त्यांनीं गंधकाचे बंध असे बदलतात कीं ते पूर्ववत् होणें नाहीं. तिसरा प्रकार केरॅटिन ट्रीटमेंट या नांवानें चालतो. त्याचा परिणाम बराचसा वरवरचा असून धुण्याधुण्यांनीं कांहीं महिन्यांत ओसरतो. म्हणून मूळ केसांचा शोध घेणाऱ्या स्त्रीनें प्रथम आपल्या डोक्याला काय लावलें होतें हें पार्लरवालीस विचारून घ्यावें. केरॅटिन लावलें असल्यास जुनेच केस पुष्कळसे आपल्या वळणावर येण्याचा संभव असतो. रिबाँडिंग असल्यास तशी आशा नको. सरळ झाला तो केस सरळच राहावयाचा, आणि जें पाहावयाचें तें नव्या वाढींतच.

अनेक स्त्रिया या वाटेस लागतात त्याचें कारण केस तुटूं लागणें किंवा खर्च परवडेनासा होणें हें असतें. आणखी एक कारण वैद्यकाचें आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनीं २०२२ सालीं ३३,४९७ स्त्रियांची सुमारें ११ वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. केस सरळ करणारीं द्रव्यें कधीं न वापरणाऱ्या स्त्रियांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचें प्रमाण शेंकडा १.६४ इतकें, तर वर्षांतून चारपेक्षां अधिक वेळां तीं वापरणाऱ्यांत शेंकडा ४.०५ इतकें असावें, असा त्यांचा अंदाज होता. हा संबंध दिसला. द्रव्यांमुळेंच रोग झाला असें त्यावरून सिद्ध होत नाहीं, आणि नागपूरकडे वर्षांतून एकदां रिबाँडिंग करणाऱ्या मुलीला तो आंकडा जशाचा तसा लावतांहि येणार नाहीं. तथापि सावधगिरीला तो पुरेसा आहे.

आतां मुळाकडे वळूं गेल्यास दिसतें तें असें. औषध लागतें तें त्वचेबाहेर आलेल्या केसास, म्हणजे ज्यांत जीव नाहीं अशा भागास. केस घडतो तो त्वचेखालच्या पिशवींत. ही पिशवी सरळ उभी असेल तर केस सडक निघतो. ती वांकलेली असेल तर केस वळणें घेत बाहेर येतो. पिशवीचा हा घाट आईबापांकडून आलेला असतो, आणि इस्त्रीला तो पोचत नाहीं. मुलाचें जावळ काढल्यानें पुढें केस दाट व कुरळे येतात, ही समजूत याच कारणास्तव खरी नव्हे. वस्तरा फिरतो तो त्वचेच्या वर. लहानपणचें मऊ जावळ जाऊन पुढें निराळे केस येतात खरे, पण ते वयामुळें येतात. न काढलें तरी आले असते. मात्र पिशवीहि जन्मभर एकाच घाटाची राहते असें नाहीं. वयांत येतांना, गरोदरपणीं, बाळंतपणानंतर, कांहीं औषधांनीं केसांचें वळण पालटल्याचीं उदाहरणें आहेत. म्हणून शाळेंतल्या फोटोवरून पंचविशीच्या केसांचा अंदाज बांधणें धोक्याचें.

केस महिन्याला सुमारें सव्वा सेंटिमीटर, वर्षाला सुमारें १५ सेंटिमीटर वाढतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जें दिसतें त्यावरून कांहींच ठरवूं नये. एक तर तेवढ्या लांबींत मोठ्या वळणाचा अर्धा फेरहि पुरा होत नाहीं. आणि दुसरें म्हणजे खालीं लोंबणाऱ्या सडक केसांचें वजन नव्या केसांना ताणून धरतें. आठ-दहा सेंटिमीटर वाढ झाली म्हणजे थोडेंफार कळूं लागतें. तोंवर घाई झालीच असेल तर एक सोपी परीक्षा घरीं करण्यासारखी आहे. फणींत अडकून आलेल्या गळक्या केसांतले चार-सहा केस घ्यावेत. मुळाचें टोक बारीक पांढऱ्या गांठीवरून ओळखतां येतें. पसरट ताटांत पाणी घेऊन ते त्यावर सोडावेत. पाण्यानें दुबळे बंध सुटतात, वजनाचा ताण राहत नाहीं, आणि मुळाकडचा नवा भाग आपलें वळण घेऊन पडतो, तर शेंड्याकडचा भाग काडीसारखा सरळ राहतो. एकाच केसाच्या दोन टोकांचा असा विरोध पाहून कित्येकींना प्रथमच आपल्या केसांची खात्री पटेल.

पूर्ण डोक्याची परीक्षा न्हाण्याच्या दिवशीं करावी. सौम्य शांपूनें, किंवा घरांत असेल तर शिकेकाईनें, डोकें धुवावें. गुंता असल्यास केस ओले असतांनाच, रुंद दातांच्या फणीनें, शेंड्यापासून वर येत काढावा. पंचानें खसाखसा पुसूं नये, मऊ सुती कपड्यानें नुसतें टिपावें. मग केस सुटे सोडून, हात न लावतां, सावलींत वाळूं द्यावेत. बांधून ठेवल्यास बांधण्याचेंच वळण दिसेल, केसांचें नव्हे. वाळल्यावर एकाच ठिकाणीं न पाहतां टाळू, दोन्ही कानशिलें व मानेवरचे केस वेगवेगळे पाहावेत. मानेशीं घट्ट पीळ आणि टाळूवर नुसती लहर, असा भेद एकाच डोक्यावर सर्रास आढळतो. लहर पसरट नागमोडी आहे, कीं बट पूर्ण गिरकी घेते, आणि घेत असल्यास ती गिरकी अंगठ्याएवढी, करंगळीएवढी कीं पेन्सिलीएवढी, इतकें टिपून ठेवलें म्हणजे पुरे.

तरीहि एका दिवसाच्या पाहण्यानें भागणार नाहीं, आणि यांत विदर्भाची हवा विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. कोराडीस मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हवा कोरडी ठणठणीत असते. आणि जुलैंत तीच हवा ओलाव्यानें भरून जाते. केस हवेंतला ओलावा शोषतो. स्वित्झर्लंडच्या सोस्यूर या शास्त्रज्ञानें तर १७८३ सालीं माणसाच्या केसाचेंच आर्द्रतामापक यंत्र वर्णिलें. अगदीं कोरड्या हवेंतून दमट हवेंत नेल्यास केस शेंकडा दोन-अडीच इतका लांबतो, हें त्याचें तत्त्व. वैशाखांत निपचित पडलेली लहर श्रावणांत फुगून वर येते ती यामुळें. कोराडीची देवी दिवसांत तीन रूपें धारण करते, सकाळीं बालिका, दुपारीं तरुणी, सायंकाळीं प्रौढा, असें भाविक सांगतात. केसांचीं रूपें ऋतूंप्रमाणें बदलतात एवढेंच. दोन्ही ऋतू पाहिल्यावर जें वळण समान उरेल तें मूळचें समजावें. कूपनलिकेचें पाणी जड असेल तर त्यांतले क्षार केसांवर बसून तेहि वळण झांकतात. अशा वेळीं एखादें न्हाणें पावसाच्या धरलेल्या पाण्यानें करून फरक पाहावा.

केसांचे प्रकार ठरविण्याचे तक्तेहि आहेत. अमेरिकन केशरचनाकार आंद्रे वॉकर यानें १९९७ सालच्या आपल्या पुस्तकांत सडक, नागमोडी, कुरळे व अति घट्ट पिळाचे असे चार वर्ग करून त्यांचे पोटभेद पाडले. २००७ सालीं संशोधकांनीं वळणाचा व्यास मोजून जगांतील केसांचे आठ वर्ग केले. वॉकरचा तक्ता लोकप्रिय झाला, पण त्याचा उपयोग बोलण्यापुरता. केस बारीक कीं जाड, पाणी लगेच पितो कीं नाहीं, हें त्या आंकड्यांत येत नाहीं, आणि रोजच्या निगेला महत्त्व त्याचेंच अधिक. आपला आंकडा अमुकच यावा म्हणून बटा बोटांभोंवतीं गुंडाळून बसणाऱ्या मुली स्वतःची फसवणूक करून घेतात.

या काळांत जपावयाचें तें सांध्याला, म्हणजे नवे व जुने केस जेथें मिळतात त्या रेषेला. केस तेथेंच अधिक तुटतो. त्याला विदर्भांतल्या स्वयंपाकघरांतलाच एक पदार्थ चांगला कामास येतो. तो म्हणजे जवस. दोन चमचे जवस दीड-दोन वाट्या पाण्यांत मंद आंचेवर उकळावी. पाणी अंड्याच्या बलकाभोंवतींच्या पांढऱ्याप्रमाणें बुळबुळीत झालें कीं गरम असतांनाच फडक्यांतून गाळावें, थंड झाल्यावर घट्ट होऊन गाळतां येत नाहीं. ओल्या केसांना हा रस चोळला म्हणजे नवी लहर एकत्र राहते आणि फणीचें काम निम्मे होतें. तीन-चार दिवसांत त्याला आंबूस वास येऊं लागतो. तेव्हां थोडाच करावा.

सडक भाग कधीं कापावा हा प्रश्न उरतो. एखादी धीट मुलगी चार बोटें वाढ होतांच बाकीचे सारे उतरवून टाकते. तिचें काम झटपट होतें, पण बोलणींहि तितकींच झटपट सुरू होतात, आणि घरांत लग्न ठरत असेल तर हा मार्ग सहसा घेतला जात नाहीं. दुसरी दर दोन-तीन महिन्यांनीं दोन बोटें कापीत जाते. खांद्यापर्यंत मूळ केस येण्यास तिला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. दोघींनींहि एक गोष्ट कापणारास आधीं सांगून ठेवावी. ओला कुरळा केस लांब दिसतो व वाळल्यावर आखडून वर जातो, सडक केस तसा जात नाहीं. आणि सडक केसांची संवय झालेला हात ओल्यावरच माप घेतो. म्हणून शेवटची कात्री केस पूर्ण वाळल्यावर लावावी, आणि प्रथम ठरल्यापेक्षां दोन बोटें कमीच कापावे.