रोप विकत घ्या, रोग विकत घेऊ नका

(वळसंग येथील बैठकीत केलेले भाषण)



आम्ही ज्वारी-कपाशीवाले, आम्हाला भाजीपाल्याच्या रोपांचे काय सांगता, असे काहींच्या मनात आले असेल. प्रश्न रास्त आहे. ज्वारी मोडून टोमॅटो लावा, असे सांगायला मी आलेलो नाही. मालदांडी ही आपल्या घरची भाकरी आहे आणि तिच्या कडब्यावर आपली जनावरे जगतात. पण ज्याच्या विहिरीला तास-दोन तास पाणी आहे तो दहा गुंठे वांगी, मिरची, टोमॅटो करतोच. आठवडी बाजाराचा रोख पैसा त्यातूनच येतो. आणि या दहा गुंठ्यांतला पैसा पुष्कळदा लावणीच्या आधीच बुडतो. तो रोपात बुडतो. आज तेवढेच बोलणार आहे.

आधी माझी चूक सांगतो. शेतकीची पदवी घेऊन मी गावोगाव सल्ला देत फिरत होतो. एका शेतकऱ्याने टोमॅटोची रोपे घरी करायची ठरवली. मी त्याला हिरवी शेडनेट बांधायला सांगितली. शेजारी त्याचीच कपाशी उभी होती. रोपे दिसायला देखणी आली. लावणीनंतर तीन आठवड्यांत पाने वाकडी झाली, शेंडे आखडले, निम्मे पीक उपटून टाकावे लागले. तो एवढेच म्हणाला, "साहेब, रोपं तर चांगली दिसत होती." तो मला शिव्या देता तर बरे वाटले असते.

काय चुकले? हिरवी शेडनेट ऊन अडवते, पांढरी माशी अडवत नाही. तिच्या भोकातून माशी आरामात आत जाते. कपाशीवर पोसलेली ही माशी जुन्या रोगट टोमॅटोवरून किंवा तणावरून पर्णगुच्छाचा विषाणू घेते आणि कोवळ्या रोपात सोडते. रोप जितके लहान तितके नुकसान मोठे. विषाणूला औषध नाही. फवारणी माशीवर चालते, रोपात शिरलेल्या रोगावर चालत नाही. म्हणून पहिले पंचवीस दिवस माशीला रोपापर्यंत येऊच द्यायचे नाही, हाच एक उपाय.

त्यासाठी कीटकरोधक जाळी लागते. एका इंचात किमान 40 छिद्रे असलेली, पांढरी. चारी बाजूंनी बंद, खालची कड मातीत पुरलेली, दाराला दोन पडदे. वरून शेडनेट फक्त कडक उन्हात, दुपारपुरती. दिवसभर सावलीत ठेवलेले रोप उंच, पिवळट आणि लुळे होते, उन्हात नेले की मान टाकते.

आता हिशोब करा. दहा गुंठ्यांत चार फूट बाय दीड फुटावर सुमारे 1800 रोपे बसतात. 98 कप्प्यांचे 20 ट्रे घेतले की 1960 रोपे होतात, म्हणजे तुटीलाही शिल्लक. हे 20 ट्रे दोन बाजांएवढ्या जागेत मावतात. दहा फूट बाय दहा फुटांचे जाळीघर पुरे. पाणी दिवसाला दोन-तीन घागरी. तेच बी थेट शेतात टाकले असते तर पंचवीस दिवस दहा गुंठे भिजवावे लागले असते. कोरडवाहू शेतकऱ्याने हे पाण्याचे गणित ध्यानात ठेवावे.

करायचे कसे? कोकोपीट ओले करून ट्रे भरा. प्रत्येक कप्प्यात अर्धा सेंटिमीटर खोल एकच बी टाका, वरून झाका. ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाका. तिसऱ्या दिवसापासून रोज उघडून पाहा. टोमॅटोचा कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे पसरा, एक दिवसही उशीर नको. मिरचीला जास्त दिवस लागतात.

पाणी सकाळी, झारीने. संध्याकाळी पाणी दिले की रात्रभर ओल राहते आणि रोपे बुडाशी सडून कोलमडतात. आपल्याकडे पुष्कळ विहिरींचे पाणी खारे आहे. कोकोपीटवर पांढरा थर दिसला तर समजा, क्षार साचले. अशा वेळी गोडे पाणी शोधा, रोपांपुरते घागरीने आणले तरी चालते.

आणि एक गोष्ट, रागावू नका. तंबाखू मळलेल्या हाताने रोपाला हात लावू नका. तंबाखूतला मोझॅक विषाणू हातावरून टोमॅटो-मिरचीत जातो. जाळीघराच्या दाराशी साबण ठेवा.

ट्रेला पैसा नसेल तर गादीवाफा करा. एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे ताणून ठेवा, कडा मातीने दाबा. काळे प्लॅस्टिक नको. सोलापूरचे ऊन फुकट आहे, ते मातीतली बुरशी आणि तणाचे बी भाजून काढते. जाळी मात्र वाफ्यावरही हवीच.

लावणीच्या आधी पाच-सहा दिवस पाणी कमी करा, ऊन वाढवा. टोमॅटो 21 ते 25 दिवसांत, वांगी 30 ते 35, मिरची 35 ते 40 दिवसांत लावा. लावणी संध्याकाळी करा.

ज्यांना रोप विकतच घ्यायचे आहे त्यांनी आधी रोपवाटिका पाहून यावी. जाळी फाटकी आहे का, दार उघडे आहे का, बांधाला जुना टोमॅटो उभा आहे का, पाहा. एक रोप उपसा. मुळे पांढरी हवीत, गड्डा न फुटता यायला हवा. मुळे तपकिरी, किंवा कप्प्यात गोल गुंडाळलेली असतील तर रोप शिळे आहे. पान उलटून मावा आणि माशी शोधा. 2020 च्या उन्हाळ्यात राज्यात टोमॅटोवर 'तिरंगा' आला, तेव्हा नमुन्यांत काकडीवरील मोझॅक विषाणू सापडला. तो मावाच पसरवतो.

आणि पावती घ्या. वाण, लॉट, तारीख लिहिलेली. बियाण्याचे पाकीट जपून ठेवा. 1966 च्या बियाणे कायद्याने 'बियाणे' या शब्दातच रोपही धरले आहे. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो. पण हातात कागद नसेल तर दाद कशाच्या आधारावर मागणार?

शासनाने 2020-21 मध्ये भाजीपाला रोपवाटिकांसाठी अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने योजना आणली, निम्म्या खर्चाचे अनुदान ठरवले. अर्जाचे काय चालले आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. पण अनुदानाची वाट पाहत दहा फुटांची जाळी थांबवू नका.

शेवटचे. रोपांची राखण घरातली बाईच करते. रोपाचा खर्च मांडताना तिची मजुरी धरा. ती धरूनही घरचे रोप परवडते का ते पाहा, आणि परवडले तर शेजारच्या दोन घरांची रोपे त्याच जाळीत करा.